सहाव्या पेडलचा दिवा

एकच सूर वाजवून ती थांबली, आणि काहीच परत आलं नाही.

मंगळवारची सकाळ. तालमीची खोली रिकामी, ड्रमवर चादर टाकलेली, काचेपलीकडे फक्त साउंडवाला, ज्याला सगळे डेसिबल म्हणत, कारण त्या माणसाचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. तिच्या पायाशी बोर्ड होता. एका फळीवर पक्की बसवलेली नऊ पेडलं, प्रत्येक म्हणजे साबणाच्या डबीएवढी लोखंडी डबी, पायाने दाबली की गिटारचा आवाज बदलणारी. सहावं डिले. वाजवलेला सूर अर्ध्या सेकंदाने परत म्हणणारं, मग पुन्हा, मग पुन्हा, दर वेळी जरा हलक्या आवाजात. तिने ते दाबलं होतं. त्याचा निळा दिवा लागला होता. सूर गेला आणि गेलाच. तिने बटण थोडं उजवीकडे फिरवलं, सवयीने, पुन्हा तोच सूर वाजवला आणि वाट पाहिली, आणि त्या वाट पाहण्यात पहिल्यांदा तिला शंका आली. कारण हे बटण तिने किती वेळा फिरवलं असेल याला गणती नव्हती. मोठा हॉल असला की केसभर उजवीकडे, लहान असला की डावीकडे, आणि दर वेळी तिला फरक ऐकू आला होता. नुसता ऐकू आला नव्हता, आवडलाही होता. डेसिबल आत आला, खाली बसला, त्याने बोर्ड उचलून मांडीवर पालथा घातला आणि एकेका वायरीवरून बोट फिरवत गेला.

“हे जोडलेलंच नाहीये,” तो शेवटी म्हणाला.

पाचव्यातून निघालेली वायर सरळ सातव्यात गेली होती. सहाव्याला फक्त वीज मिळत होती, म्हणून दिवा लागत होता. त्याच्या वाटणीच्या दोन आखूड वायरी नीट गुंडाळून फळीच्या खाली काळ्या टेपने चिकटवल्या होत्या. डेसिबलने नखाने टेपच्या कडेची धूळ खरवडली आणि म्हणाला, हे कालपरवाचं काम नाही. तिला ते सांगायची गरज नव्हती. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी सोडवताना चिमटीत धरता यावं म्हणून केलेली जिभलीसारखी छोटी घडी, आणि टेपला अशी घडी घालणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता. तिला ती घडी घालता येत नाही म्हणून लहानपणी त्याने तिला टपल्या मारल्या होत्या. दादाने बोर्ड शेवटचा उघडला त्याला अकरा महिने झाले होते.

अकरा महिने म्हणजे किती कार्यक्रम याचा हिशेब तिने केला नाही. तिने दुसरंच काहीतरी केलं. डोळे मिटले आणि त्या अकरा महिन्यांतली एक संध्याकाळ आठवून पाहिली, कुठली तरी, मैदानावरची, उजव्या बाजूला दादा त्याची गिटार छातीपर्यंत वर घेऊन उभा, मधल्या गाण्यात ती एकटी वाजवते ती जागा, सहावं दाबलं, एक सूर सोडला, आणि तो परत आला. आत्ताही आला. आठवणीत स्वच्छ आला, तीनदा आला, विरत गेला. तिने डोळे उघडले तर डेसिबल तिच्याकडे बघत होता, डॉक्टर रिपोर्ट वाचून झाल्यावर बघतो तसा. मग हे जे आलं ते कुठून आलं, असं तिला त्याला विचारायचं होतं. त्याऐवजी तिने पाना मागितला. नऊच्या नऊ पेडलं सोडवून ती कपड्यांच्या पिशवीत घेऊन घरी आली.

आता शनिवारचं सांगायला हवं, कारण सगळं शनिवारी येऊन अडत होतं. एक गायिका होती, सगळे तिला बाई म्हणत. बाई सहा महिन्यांच्या दौऱ्यावर निघणार होत्या, त्यांना साथीला एकच गिटार हवी होती आणि त्यांनी दादाला न विचारता तिला विचारलं होतं. शनिवारी सकाळी येऊन वाजवून दाखवा, मग ठरवू. बोर्ड लहान आणा, गाडीत पायाशी मावेल एवढा, चार पेडलं, पाचवं आणलंत तर ते तुमच्या मांडीवर. (हे शेवटचं बाईंचेच शब्द, त्यांच्या मॅनेजरने हसून पोचवलेले.) दादाला हे कळलं तेव्हा तो क्षणभर ॲम्पच्या उघड्या पोटात बघत राहिला. तो ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे खोके, दुरुस्त करायचा, दिवसभर त्याचं डोकं कुठल्या तरी खोक्यात असायचं. मग म्हणाला, छान झालं, बोर्ड मी लावून देतो. आणि तिने हो म्हटलं होतं. कारण बोर्ड नेहमीच दादाने लावला होता. पहिली गिटार त्याने आणली, पहिलं पेडल त्याने दिलं, कुठलं कुठे बसेल, कुठलं बटण किती वाजता ठेवायचं (बटणाच्या खुणेला ते घड्याळाचा काटा म्हणायचे, दहा वाजता, दोन वाजता) हे त्याने ठरवलं, आणि ती वाजवत आली, वीस वर्षं, आणि चांगलं वाजवत आली, हे कुणीही सांगेल. नऊ पेडलांपैकी एकच तिने स्वतः निवडलं होतं. सहावं.

मंगळवारी दुपारी शाळेतला गिटारचा वर्ग तिने उरकला, मुलांनी काय वाजवलं ते तिला कळलंही नाही, आणि घरी येऊन पेडलं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. दादाला फोन करायचा नाही हे तिने जिन्यातच ठरवून टाकलं होतं. त्याने का केलं हा प्रश्न मोठा होता, पण त्याच्या आत दुसरा एक होता, लहान आणि टोकदार, खडा बुटात असावा तसा: मला का कळलं नाही. पहिल्याचं उत्तर दादाकडे होतं. दुसऱ्याचं त्याच्याकडे मागितलं की संपलं, पुढची वीस वर्षंही तोच बोर्ड लावणार. चार निवडायची, ती कानाने निवडायची, दिव्याने नाही. त्यासाठी आपली पाठ वळलेली हवी आणि दुसऱ्या कुणीतरी पेडल दाबायला हवं. घरात दुसरं कुणीतरी म्हणजे आई.

आई पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. संगीतातलं आपल्याला काही कळत नाही हे ती इतक्या वेळा आणि इतक्या समाधानाने सांगायची की घरातल्या दोन्ही गिटारवाल्यांना तो टोमणा वाटायचा. ती खुर्चीत बसली, गुडघ्यावर हात ठेवला, पेडलांकडे बघितलं आणि विचारलं, चपलेने दाबू की अनवाणी. तिने आईला समजावलं: मी भिंतीकडे तोंड करून वाजवते, तू मनाला येईल ते दाब, मनाला येईल तेव्हा सोड, मला सांगू नकोस, मी बदल ऐकला की हो म्हणेन, तू कागदावर मांड. आई म्हणाली, म्हणजे मी परीक्षक. आणि फरशीवर खडू टाकल्यासारखा बारीक टक् आवाज करत तिच्या हाताचा अंगठा कामाला लागला.

भिंतीवर एक खिळा होता, कधी काळी कसला तरी फोटो असलेला. तिने खिळ्याकडे बघत वाजवलं. टक्. हो. टक्. हो. टक्. आता गोलसर झालं, हो. टक्. आता मागे कुणीतरी उभं राहिल्यासारखं, हो. हळूहळू तिला बरं वाटू लागलं. येतंय की. कान जागेवर आहे, त्या दिवसांत गोंगाट होता, बाजूला दादाची गिटार होती, हॉलचा स्वतःचा घुमारा होता, कुणालाही झालं असतं. वीस झाले तशी ती वळली. आई कागदाची घडी करत होती.

“मी एकदाच दाबलं,” आई म्हणाली. “बाकी सगळ्या वेळा नुसतं टेबलाचं लाकूड वाजवलं. नखाने.”

तिने गिटार स्टँडवर ठेवली, आत जाऊन नळ सोडला आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. पाणी गार होतं, मनगटापर्यंत. बाहेर आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती, बहुतेक मावशीशी, आणि हसत होती. तिच्या मनात आलं की आता दादाला फोन करावा आणि म्हणावं ये, तूच लाव, आणि हे मनात येताच तिला स्पष्ट दिसलं की हेच वाक्य ती वीस वर्षं वेगवेगळ्या शब्दांत म्हणत आली आहे. आज जरा डोकं दुखतंय, तूच बघ. तुला कळतं त्यातलं. मला दोन्ही सारखेच वाटतात. दोन्ही सारखे नव्हते. एकदाही नव्हते. तिला प्रत्येक वेळी एक जास्त आवडला होता, आणि दर वेळी तिने आधी दादाच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं, त्याला कुठला आवडतो ते. ऐकायचं काम तिचे डोळे करत आले होते. तिने नळ बंद केला, हात पुसले, बाहेर आली आणि आईला म्हणाली, पुन्हा. आई फोनवर म्हणाली, ठेवते गं, आमची शाळा सुरू झाली.

बुधवारी वीसातले अकरा बरोबर आले, जे नुसत्या अंदाजानेही आले असते. बुधवारीच दुसऱ्या वेळी तेरा. तिने खिळ्याकडे बघणं सोडलं, त्याच्यामुळे आपण कशाची तरी वाट बघतो असं तिच्या लक्षात आलं. वाट बघितली की जे हवं ते येतं. मग ती हो म्हणायची घाई करेना. आई दोन-दोन मिनिटं काही करायची नाही, आणि ती दोन-दोन मिनिटं एकच सूर वाजवत राहायची, त्याची सुरुवात, त्याचं पोट, त्याची शेपटी, आणि काही झालेलं नसेल तर काही झालं नाही हे सांगायला शिकत गेली. नाही. नाही. अजून नाही. ‘नाही’ म्हणताना सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, जसं कुणाच्या तरी घरी ताटातलं नको म्हणावं. गुरुवारी सकाळी, वर्गाला जायच्या आधी, वीसातले एकोणीस. आईने कागद दाखवला आणि म्हणाली, एक चुकला तो माझाही असेल, माझा अंगठा आखडला होता.

त्याच बैठकीत पेडलं गळत गेली. कंप्रेसर, जो दादाच्या मते कण्याशिवाय माणूस तसा बोर्ड त्याच्याशिवाय, तो तिला चालू-बंद कळला, आणि चालू असताना सगळे सूर एकाच उंचीच्या माणसांची रांग लावल्यासारखे झाले. बाजूला. आवाजाला लाटा आणणारी दोन होती, दोन्ही बाजूला. वा-वा, पाऊल पुढेमागे हलवलं की गिटार बाळासारखी बोलते ते, त्याच्यावर तिचं प्रेम होतं आणि आईचंही (आई त्याला रडकं म्हणायची), पण बाईंच्या गाण्यात दोन माणसं एकदम रडली तर कठीण, तेही बाजूला. असं करत सुरात आहे की नाही ते दाखवणारा ट्यूनर राहिला, त्याला पर्याय नाही. आवाज नुसता उचलून पुढे आणणारं बूस्ट राहिलं. सुराला धार आणि खरखर आणणारं डिस्टॉर्शन राहिलं. चौथ्या जागेसाठी दोन पेडलं समोरासमोर उरली. दादाचं रिव्हर्ब, मोठ्या दगडी दालनात वाजवल्यासारखा आवाज करणारं, सुरक्षित, सुंदर, कुणालाही आवडेल असं. आणि सहावं.

आई म्हणाली, ह्याचं काय आहे एवढं. तिने सांगितलं, हे आपलंच आपल्याला परत ऐकवतं.  आईने सांगितलं की लांबच्या लाइनवर असंच व्हायचं, आपण ‘बोला’ म्हटलं की अर्ध्या सेकंदाने कानात आपलंच ‘बोला’. नव्या मुली अडखळायच्या, स्वतःचा आवाज संपायची वाट बघायच्या, तोवर पलीकडचा माणूस फोन ठेवून द्यायचा. दोघी-तिघींनी तर नोकरी सोडली. तू काय करायचीस, असं तिने विचारलं.

“मी बोलत राहायचे. आपल्याच आवाजाला काय मान द्यायचा.”

गुरुवारी दुपारी तिने लहान फळी घेतली, चार पेडलं बसवली आणि वायरी स्वतः जोडायला बसली. कथील वितळवून वायरी जोडायचं झाळकाम तिला येत नव्हतं असं नाही, पण दादाच्या शेजारी बसून येत होतं, म्हणजे कथील त्याच्या हातात आणि ती पंखा धरून. पहिली वायर बोलेना. दुसरी बोलली पण खरखरली. बोटाला चटका बसला, तो तिने पाण्याखाली धरला आणि पुन्हा बसली. पाचच्या सुमारास सगळं जोडून तिने बोर्ड चालू केला, डिले दाबलं, डिस्टॉर्शन दाबलं, एक सूर सोडला, आणि

आणि खोलीत दुसरंच काहीतरी आलं. सूर परत आला तो हलका होऊन नाही, जाडसर होऊन. दुसऱ्यांदा आला तेव्हा कडा झिजलेल्या होत्या. तिसऱ्यांदा नुसता खरखरता ऊबदार ढीग होता, आणि तो जाईना, पुढच्या सुराखाली अंथरल्यासारखा पडून राहिला. तिने वायरी तपासल्या. तिने क्रम उलटा लावला होता. डिले आधी, डिस्टॉर्शन नंतर. जगात कुठलाही गिटारवाला आधी धार लावतो आणि मग तो धारदार सूर परत म्हणवतो, म्हणजे प्रत्येक परतणं स्वच्छ राहतं. तिने परतणाऱ्या सगळ्या सुरांना एकाच चाळणीतून काढलं होतं. शिकाऊ पोराची चूक, वर्गातल्या कुणी केली असती तर तिने हसून दुरुस्त केली असती. तिने वायर काढली, सरळ क्रम लावला, वाजवलं. स्वच्छ. पुन्हा उलटा. आईला बोलावलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि आईला शिकवून दोन्ही क्रमांची दहा वेळा अदलाबदल करवली, कुठला कधी ते न सांगता. दहाही वेळा तिने उलटा ओळखला. पण ओळखणं हा भाग आता राहिलाच नव्हता. दहाही वेळा तिला तोच हवा होता, आणि ह्या वेळी बघायला कुणाचा चेहरा नव्हता, समोर भिंतीचा चुना होता.

शुक्रवारी संध्याकाळी दादा आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, बूट काढता काढता आईशी थट्टा. मग त्याला टेबलावरचा बोर्ड दिसला. तो जवळ गेला, वाकला, तिच्या झाळकामाचे ओबडधोबड गोळे बघून भुवया उचलल्या पण काही बोलला नाही, हे त्याच्या मानाने खूप होतं. मग त्याला क्रम दिसला आणि त्याचा हात आपसूक वायरीकडे गेला. त्याचा हात नेहमीच आधी पोचायचा. तिने बोर्डवर आपला तळहात ठेवला.

“उलटं झालंय,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

तिने वाजवून दाखवलं. त्याने मान खाली घालून ऐकलं, तो नेहमी तसंच ऐकायचा, आणि तिला जाणवलं की आपण त्याच्याकडे बघत नाही आहोत, आपण तारांकडे बघतो आहोत. संपल्यावर तो म्हणाला, गढूळ आहे. ती म्हणाली, हो. तो म्हणाला, बाईंना नाही आवडणार. ती म्हणाली, असेल. आत आई भांडी लावत होती. तिने ठरवलं होतं की विचारायचं नाही, आणि तिने विचारलं नाही. त्याची नजर सहाव्यावर गेली, जे आता दुसऱ्या जागेवर होतं, आणि त्याला कळलं की तिला कळलं आहे. त्याने पिशवी खाली ठेवली.

तो सांगत गेला ते तुटक होतं. त्या दिवशीचा तो घुमणारा हॉल, तुझे परतणारे सूर माझ्या सुरांवर येऊन पडत होते, मला माझंच ऐकू येईना, विजेची जोडणी बदलताना मी वायर काढली, एका दिवसासाठी, कार्यक्रमानंतर सांगणारच होतो. आणि कार्यक्रम संपल्यावर तू घामाघूम माझ्याकडे आलीस.

“तू म्हणालीस, आज डिले काय सुंदर येत होतं. आता ह्याच्यावर मी काय बोलू?”

तिला तो क्षण आठवला. खरोखर आठवला, पडद्यामागचा दिवा, त्याच्या हातातली पाण्याची बाटली अर्ध्यात थांबलेली. तिला वाटलं होतं तो दमलाय. अकरा महिने तो दर कार्यक्रमानंतर ती बाटली तशीच धरून उभा राहिला असेल, ती डिलेबद्दल काही बोलते का याची वाट बघत, आणि ती बोलत राहिली असेल. तिला हसू आलं आणि त्याच्यामागून राग आला, हसण्याइतकाच खरा, आणि दोन्ही एकमेकांना मोडून न काढता राहिले. दुसऱ्या दिवशीही सांगता आलं असतं, ती म्हणाली. तो म्हणाला, हो. आलं असतं. मग त्याने विचारलं, उद्या मी येऊ का, गाडी आहे. नको, ती म्हणाली, उद्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, तिला ने. आतून आई म्हणाली की माझे डोळे कुठे पळून जात नाहीत. दादा हसला, आणि जाताना बोर्डकडे न बघता गेला. त्याला ते किती जड गेलं असेल हे तिच्याइतकं कुणाला कळणार.

शनिवारी बाईंच्या खोलीत खिडक्यांना जाड पडदे होते आणि कोपऱ्यात एक हीटर तापत होता. बाई तिला वाटल्या होत्या त्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या, पायात लोकरी मोजे, हातात गरम पाण्याचा पेला. त्यांनी गायला सुरुवात केली तेव्हा तिने पहिलं कडवं नुसत्या बूस्टवर वाजवलं, आणि दुसऱ्याला डिले आणि डिस्टॉर्शन दोन्ही एकदम दाबली. खाली दिवा लागला की नाही ते तिने पाहिलं नाही. सूर परत आला, जाडसर, झिजलेला, बाईंच्या आवाजाखाली जाऊन पसरला. मॅनेजरने मान वर केली. बाई गातच राहिल्या, पण कडव्याच्या शेवटी त्यांनी हात वर केला आणि सगळं थांबलं. तो ढीग मात्र आणखी दोनदा आला आणि मग गेला.

बाई म्हणाल्या, हे जे मागून येतंय, ते माझ्या शब्दांवर चढतंय. रिव्हर्ब नाही का तुमच्याकडे, साधं? त्या रागावल्या नव्हत्या, कामाचं बोलत होत्या. तिच्या घशात जुनं वाक्य आलं, आयतं, गुळगुळीत झालेलं: तुम्हाला हवं तसं. तिने बोटं तारांवर आडवी ठेवली.

“आहे, पण घरी ठेवून आलेय,” ती म्हणाली. “हे कमी होणार नाही. मी कमी वाजवीन. तुमच्या चार शब्दांना माझा एक सूर.”

बाईंनी पेल्यातून एक घोट घेतला आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मॅनेजर खुर्चीत सरकला. मग बाईंनी पेला हीटरवर ठेवला आणि दुसरं कडवं पुन्हा उचललं. चार शब्दांवर तिने एक सूर टाकला आणि हात काढून घेतला. तो पसरला. पुढचे चार शब्द त्याच्यावरून चालत गेले. आणखी एक. कडवं संपलं, बाईंनी या वेळी हात वर केला नाही, तशाच तिसऱ्यात शिरल्या, जे वाजवायचं ठरलंच नव्हतं. तिला ते कडवं नीट येत नव्हतं. ती वाजवत राहिली. शेवटच्या ओळीनंतर मागून येणारा सूर तेवढा उरला, आणि तो पुरता विरेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही.

“गुरुवारी सकाळी सहाला गाडी निघते,” बाई मॅनेजरकडे बघून म्हणाल्या, “हिला खिडकीची जागा द्या,” आणि मग तिच्याकडे वळून, कार्यक्रमातलं चौथं गाणं गिटारवर कुठल्या पट्टीत सोयीचं पडतं ते विचारलं.